गाठीपर्यंत लांबी

गोंदिया,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाईंस रविताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ सध्या बाथरूममध्ये अडकले आहेत आणि मी दाराबाहेर पाटावर बसून हे पत्र लिहीत आहे. काळजी नसावी. आत पाणी आहे, उजेड आहे, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येतो आहे.

झालं असं. आपलं दार आत उघडतं. दारामागच्या कोपऱ्यात त्यांनी आज तीन मजल्यांची लोखंडी फळी ठोकली. ठोकताना दार लावून घेतलं होतं, कारण त्याशिवाय त्या कोपऱ्यात माणूस उभा राहत नाही. फळी पक्की बसली. आता दार चार बोटं उघडतं आणि फळीला अडतं. मी फटीतून पेचकस आत दिला, फळी काढा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, फळी बरोबर आहे, दार चुकलं आहे. तेव्हा मुन्ना मिस्त्रीला बोलावलं. बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत, म्हणून मुन्ना बाहेरून सांगतो आहे आणि हे आतून उलट करत आहेत.

हे सगळं तुमच्यासाठीच चाललं आहे, बाई. दसऱ्यानंतर तुम्ही घरामागे न्हाताना पडलात तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता एकटं राहू नका. तुम्ही म्हणालात, शहरातली न्हाणी म्हणजे खोका, त्यात मला कोंबू नका. तेव्हापासून तुमच्या भावाने तो खोका सजवायला घेतला आहे. रोज मोबाइलवर बघतात, कमी पैशात लहान बाथरूम मोठं कसं करावं. तुमच्यासारखी परसात न्हाणी करावी तर नव्याने बांधावी लागेल, ते काही आपल्याला जमणारं नाही. मग टाइल्सच्या दुकानामागे पडलेल्या उरलेल्या टाइल्स आणल्या. त्या निघाल्या स्वयंपाकघराच्या. भिंतीवर आता कपबशा आहेत, मधेमधे द्राक्षं आणि एका ठिकाणी किटली. बादल्या एकात एक ठेवायच्या, मग टांगायच्या. साबणाला चिकटणारी डबी आणली, ती रात्री पडते. समोर आरसा लावला आहे, त्याने जागा दुप्पट दिसते म्हणे. मला फक्त मी दुप्पट दिसते.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता, म्हणून पत्र. फूट-इंच तुम्हाला कळत नाहीत, दोरी पाठवा म्हणाला होतात. अडकल्या वेळेचा उपयोग म्हणून यांनी आतच दोरीने माप घेतलं आणि आत्ताच फटीतून बाहेर दिलं. दोरीबद्दल काही सांगतही होते, पण मुन्ना चौकट ठोकत होता, मला ऐकू आलं नाही. दोरी सोबत घातली आहे.

डाक निघायची वेळ झाली. पत्र टाकून येते, तोवर हे सुटतील. या घरावर तुमची माया आहेच, ती आता इथे राहून करावी.

तुमची,
रविता


बेलटोला, ता. सालेकसा,
२५ नोव्हेंबर

चि. सौ. रविता हिला धनवंताचे अनेक आशीर्वाद.

उदेलाल सुटला की नाही ते तू लिहिलं नाहीस. पोस्टमनला विचारलं, त्याला माहीत नाही. लहानपणी तो लपायला म्हणून धानाच्या ढोलीत उतरला होता आणि त्याला वर येता येईना. बाबांनी ढोली आडवी केली तेव्हा निघाला. तेव्हाही तो म्हणाला होता की ढोली चुकली आहे. त्यामुळे मी काळजी केली नाही.

दोरी मिळाली. अंगणात चार खुंट्या ठोकून जागा आखली, दोरीएवढी लांब आणि दोरीएवढी रुंद. तुमच्या न्हाणीचं मला उगाच वाईट सांगितलं होतं. माझा न्हायचा दगड ठेवला, तांब्याचं घंगाळ ठेवलं, लुगडं वाळत घालायला दोरी बांधली, तरी जागा उरली. मग आम्ही चौघी आत बसलो आणि शेंगा सोलल्या. शेजारची सुशिलाबाई म्हणाली, न्हाणीच एवढी आहे तर ते लोक राहतात कुठे.

तर मी येते. धान चुरून-मळून झालं आहे, आता इथे माझ्यासाठी अडलेलं काही नाही.

पण दगड पाहिजे. पडले त्या दिवसाचं मी कोणाला नीट सांगितलं नव्हतं. सकाळी पडले. सुशिलाबाई आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हाका मारल्या, कोंबड्यांशिवाय कोणी आलं नाही. दगडावरून पडले नव्हते, उठून दोन पावलं टाकली आणि चिखलात पडले. पाय भरवशाचे राहिले नाहीत. उभ्याने अंगावर पाणी घेणं आता माझ्याने होत नाही, आणि प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसणार नाही, ते सरकतं. हा दगड यांनी हयात असताना नाल्यातून बैलगाडीवर आणला होता. तो खरखरीत आहे, पाय निसटत नाही. गावातला उमेंद्र आज धान घेऊन गोंदियाला मिलवर जाऊन राहिला आहे, निघण्याआधी त्याच्या पिकअपमध्ये दगड चढवते. पत्राच्या आधी पोचेल.

आरसा काढ. सत्तरीत मला न्हाताना समोर कोणी बसलेलं नको, मीसुद्धा नको. कपबशा असू दे. पाहुण्यांना मात्र तिकडे बसवू नको.

दोघांवर जीव आहे, तो तसाच राहील.

धनवंता


गोंदिया,
२९ नोव्हेंबर

ती. बाईस उदेलालचा सा. नमस्कार.

मी त्याच दिवशी सुटलो. दार काढावं लागलं. परत बसवताना त्याची फळीला अडणारी कड थोडी कापली, आता ते निम्मं उघडतं. रविता अंग तिरकं करून आत जाते. मीही जातो. फळी जागच्या जागी आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चौघी बसलात हे वाचून रविता माझ्याकडे बघत राहिली. आमच्या बाथरूममध्ये तिचं केस धुणं चालू असलं की कोपर भिंतीला लागतं. मी विचारतो, बाई, दोरीला मध्ये एक गाठ होती. गाठीपर्यंत लांबी. गाठीपुढे रुंदी. बाबा शेतातल्या बांधीचं माप असंच घ्यायचे, मला वाटलं तुला सांगायला नको. ती गाठ तू सोडलीस का?

सोडलीच असशील. आपल्या घरी आलेल्या पोत्याच्या एकाही सुतळीला तू गाठ राहू दिली नाहीस. शाळेत जाताना माझ्या चड्डीच्या नाडीलाही नाही.

रविता म्हणाली, हे लिहू नका, येऊ द्या, मग बघू. दोन दिवस माझंही तसंच मत होतं. पण तू येऊन दारात उभी राहशील आणि काही न बोलता परत जाशील, ते मला चालणार नाही. म्हणून खरं लिहितो. बाथरूम लहान आहे. दगड त्या दारातून आत जात नाही.

दगडाचं आणखी एक सांगायचं आहे. उमेंद्रने तो पहाटे आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली उतरवला आणि गेला. आम्ही उठलो तोवर त्यावर हळद-कुंकू होतं. दुपारी झेंडूची माळ आली. समोरच्या दामिनीबाईंनी उदबत्ती लावली आणि देवाचं नाव काय म्हणून विचारलं. रविता म्हणाली, आमच्या नणंदेचा दगड आहे. त्या म्हणाल्या, ज्याचा त्याचा देव. काल एक नारळ आला. मी तो हलवायला गेलो तर दोघी-तिघींनी मुहूर्त विचारला का म्हणून अडवलं. आता मी रस्त्यावर त्यांच्यासमोर कसं सांगू की तो कशाचा आहे?

आरसा काढला. त्यामागची भिंत मात्र रंगवायची राहिली होती, तिथे एक पांढरा चौकोन दिसतो.

न येण्याचं ठरवू नको. रागावलीस तरी इथे येऊन रागाव.

तुझा,
उदेलाल


बेलटोला,
४ डिसेंबर

चि. उदेलाल यास आशीर्वाद.

गाठ सोडली. पाकिटातून काढल्या काढल्या सोडली. दोरीला गाठ कायले ठेवायची? माप पाठवायचं तर दोन दोऱ्या पाठवायच्या. एवढं शिकलास, तुला दोरीची कंजुषी सुचली.

तुझ्या पत्रानंतर गाठीची जागा शोधली. दोरी तिथे अजून वाकलेली होती. पुन्हा खुंट्या ठोकल्या. पाट टाकून आत बसले. दोन्ही गुडघे दोरीला टेकले. सुशिलाबाई बाहेर उभी होती, आत यायला तिला जागा नव्हती. मीच म्हणाले, यात तर माणसाला मुडपून ठेवावं लागेल.

तुमचा दोष नाही. तुमचं घर तेवढं, तुमची न्हाणी तेवढी. मला तुमच्या घरात अडचण होऊन राहायचं नाही. अंग तिरकं करून दारातून जाण्याइतकी मी बारीकही नाही.

पण दगड तिथे ठेवणार नाही. मंगळवारी गाडीने येते. एक रात्र राहीन, सकाळी उमेंद्रच्या पिकअपमध्ये दगडासोबतच परत जाईन. त्याच्याशी बोलणं झालं आहे. एका रात्रीपुरती किल्ली आणि कोंबड्या सुशिलाबाईकडे दिल्या आहेत. तुझ्या त्या बायांना तू काही सांगू नको. मी सांगते.

रविताला सांग, माझ्यासाठी काही खास करू नको. भातावर साधं वरण. माया कमी झाली असं समजू नये.

धनवंता


गोंदिया,
१० डिसेंबर, संध्याकाळ

सुशिलाबाईस धनवंताचा रामराम.

नीट पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली.

दगड बघून मीच ओळखला नाही, एवढा नटला होता. आजूबाजूला बाया उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं की या दगडावर मी तीस वर्षं टाचा घासल्या आहेत. मग दामिनी नावाच्या बाईने विचारलं, आता नारळाचं काय. मी म्हटलं, चटणी करू. रविताने ती आत्ताच वाटली. दामिनी वाटी घेऊन आली होती. एक म्हातारी मात्र जाताना दगडाला सोडून माझ्याच पाया पडली, तिला मी अडवू शकले नाही.

मग न्हाणी बघितली. दोरीपेक्षाही लहान वाटते, कारण दोरीला कपबशा नव्हत्या. उदेलाल मागे उभा राहून हुक दाखवत होता, फळी दाखवत होता. हे कमी पैशात केलं, ते घरच्या घरी केलं. फळीच्या खालच्या मजल्यावर माझ्या नावाची वेगळी साबणडबी ठेवली आहे. भिंतीवर, बसल्यावर हाताला येईल असा एक लोखंडी कठडा ठोकला आहे. तो म्हणाला, हात धरायला. पत्रात त्याने हे लिहिलं नव्हतं. सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. शाळेचा निकाल लागायचा त्या दिवशी तो असाच बघायचा.

मी आत गेले, अंग तिरकं करूनच, आणि दार लावून बघितलं. खाली जमिनीकडे बघत उभी राहिले. बाहेर येऊन त्याला विचारलं, मी इथे पडले तर माझंच अंग दाराला आडवं येईल, मग तुम्ही आत कसे येणार? तुला तर चार बोटांची फट तरी मिळाली होती, आणि तू बोलत होतास.

हे त्यांच्या मोबाइलमध्ये सांगितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, दार बाहेर उघडेल असं फिरव. उदेलालने मुन्नाची वाटही बघितली नाही, बिजागऱ्या आता त्याच्या हाताच्या झाल्या आहेत. दार फिरलं. मग फळीला काही अडेना आणि दार पुरतं उघडायला लागलं. तो तीन वेळा म्हणाला, बघा, फळी बरोबरच होती. रविताने मान्य केलं, नाहीतर जेवायला उशीर झाला असता.

दार पुरतं उघडल्यावर दगड आत गेला. तो आणि मागून आलेला मुन्ना, दोघांनी नेला, त्यावरची झेंडूची माळ काढायची राहिली. आत दगड आहे आणि दगडाभोवती न्हाणी आहे, एवढंच. उमेंद्रचा सकाळी फोन येणार आहे. पत्र अजून बंद करत नाही.

११ डिसेंबर

सकाळी न्हाले. दगडावर बसले की दोन्ही गुडघे भिंतींना टेकतात, पाठीमागे फळी आहे, हाताशी कठडा. पडायला जागाच नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. रविता बाहेर पाटावर बसून होती आणि मी पाणी ओतायची थांबले की विचारायची, बाई, आहात ना. मी दर वेळी उत्तर दिलं.

उमेंद्रला येऊ नको म्हणून सांगितलं. किल्ली तुझ्यापाशीच असू दे. कोंबड्या तुझ्या.

तुझी,
धनवंता