सईचं फाटक

शुक्रवार, संध्याकाळ

रागानं अक्षर वेडंवाकडं येतंय. दुपारी अहमदी गावात वैशालीकडे इथली आखातातली सगळी मित्रमंडळी जेवायला जमली होती. तिथे मंदारनं पुन्हा जपानचा किस्सा काढला. "आमच्या लेकीला काय बघायचं होतं, माहितीये? रेल्वेचं फाटक. एवढ्या लांब जाऊन आम्ही फाटक बघून आलो." सगळे हसले. सईनं मान खाली घातली. पंधरा वर्षांची आहे, कळत नाही का तिला?

तिच्या आवडत्या ॲनिमेमधलं, त्या जपानी कार्टून मालिकेतलं ते समुद्राजवळचं फाटक. दोन वर्षं त्याची चित्रं काढत होती. तिथे पोचल्यावर तिला एवढंच हवं होतं, की गाडी जाईपर्यंत थांबायचं. दहा मिनिटं. मंदार म्हणाला, "फोटो झाला ना? चला, दुकानं बंद होतील." आम्ही निघालो आणि मागे फाटकाची घंटा वाजायला लागली. तिनं वळूनही पाहिलं नाही.

आज परतताना मी त्याला म्हटलं, "तिच्यावर हसणं बंद कर."

"अगं, गंमत केली."

कसली गंमत? स्वतः मॅच बघायला दुबईला जातो, तेव्हा कोण हसतं?

घरी आल्यावर सईच्या खोलीत गेले. म्हटलं, "बाबाचं मनावर घेऊ नकोस."

"इट्स फाइन." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बट यू लाफ्ड टू, आई."

हसले होते मी. आणि त्या दिवशी फाटकापाशी "चल गं लवकर" म्हणत तिचा हात ओढणारीही मीच होते.