बारशाआधीच नाव असलेली मुलगी

४ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुम्ही दोघं संस्थेतून मुलगी घरी घेऊन आलात, हे तुझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. एक तर मला फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यातून चिरंजीव मोजून-मापून बोलणारे. मुलगी कशी आहे विचारलं तर म्हणतो, छान आहे. छान तर हवाही असते. तू सविस्तर लिही. रागावते कशी, झोपते कशी, परक्याकडे जाते का? कुणावर गेली आहे हे विचारायची सोय नाही, म्हणून मला उत्सुकता जास्तच.

बारसं मात्र माझ्या हौसेने व्हायचं. माझा सुताराचा हात अजून चालतो, पाळणा करायला घेतला आहे. नाव तुझ्या सासूबाईंचंच ठेवू. ती गेल्यापासून या घरात ते नाव कुणी घेतलेलं नाही. नातीच्या निमित्ताने पुन्हा कानावर पडेल, एवढीच इच्छा.

लोभ आहेच, त्यातला थोडा नातीलाही द्यावा.

मामंजी

११ मार्च

ती. स्व. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. ह्यांनी वय सांगितलंच नाही ना? नात दहा महिन्यांची आहे. कठडा धरून उभी राहते. पाळण्यात ठेवली तर दुसऱ्या बाजूने बाहेर येईल.

रागावली की रडत नाही, पाठ फिरवून बसते. झोपताना चादरीचं टोक मुठीत लागतं. मी दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासते, पण घरी माझाच चष्मा तिच्या तावडीतून सुटत नाही.

आता लिहायचं धाडस होत नव्हतं ते लिहिते. तिला नाव आहे. संस्थेतल्या ताई तिला भिंगरी म्हणायच्या. घरी आणल्यावर ती आमच्याकडे बघेचना. मग ह्यांनी सहज भिंगरी म्हटलं आणि पोरगी गर्रकन वळली. तिची खोली बदलली, माणसं बदलली, दूध पाजणारा हात बदलला. जुनं असं एवढंच तिच्याजवळ राहिलं आहे. बारसं करून तेही काढून घ्यावं का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, तूच लिही, बाबा तुझं ऐकतात.

आणि सहज विचारते, सासूबाईंना तुम्ही काय हाक मारायचात? मी आठवून आठवून थकले.

रागावलात तरी माया पातळ करू नये, ही विनंती.

आपली सून

१७ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

भिंगरी हे काय नाव झालं? उद्या पोरगी न्यायाधीश झाली तर लोकांनी न्यायमूर्ती भिंगरी म्हणायचं? लहान मुलांचं काय, आज एक हाक, उद्या दुसरी. महिन्याभरात सवय होते. पाळण्याचं लाकूड फुकट जाणार नाही, त्याची छोटी खुर्ची करतो.

मी कुणाला काय हाक मारायचो, या नसत्या चौकशा तुला कशाला?

तुझ्या सासूबाईंनी आयुष्यभर या घरासाठी खस्ता खाल्ल्या. माझे डोळे मिटले की तिचं नाव कोण घेणार आहे? एवढा एक शब्द माझा मोडू नकोस.

राग कागदावर उतरला, मनात काही नाही हे जाणून असावे.

मामंजी

२४ मार्च

ती. स्व. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मोडणार नाही. बारसं पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी करू, तुम्ही आदल्या दिवशी या.

गेले काही दिवस आम्ही तिला सासूबाईंच्या नावानेच हाक मारतो आहोत. ती मान वर करत नाही. काल पलंगाच्या कडेला धडपडली, तेव्हा धावताना माझ्या तोंडून भिंगरी निघालं आणि मग मलाच अपराध्यासारखं झालं.

मला वाटतं, आल्यावर तुम्हीच तिला हाक मारून पाहावी. ते नाव तुमच्या तोंडी जसं बसलं असेल, तसं आमच्या तोंडी कसं बसणार? तुमच्या हाकेला वळली, तर मी मनापासून आनंदाने तेच नाव ठेवीन.

वाट पाहते आहे. येताना जुना लोभ सोबत आणावा.

आपली सून

३० मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तू लिहिलंस म्हणून म्हटलं, हाक मारायचा सराव करावा. दार लावून घेतलं, रंधा खाली ठेवला, घसा साफ केला. पण नाव काही तोंडातून निघेना. मग ध्यानात आलं, उभ्या जन्मात मी तिला नावाने हाक मारलेलीच नाही. अगं, नाही तर ऐकलंस का, यातच सगळा संसार झाला. तू विचारलंस तेव्हा उखडलो तो त्यामुळेच. नाव तिचे भाऊ घ्यायचे, शेजारणी घ्यायच्या. मी हातातलं काम न सोडता ऐकायचो आणि मला बरं वाटायचं.

शेवटी डोळे मिटून एकदाचं म्हटलं. मोठ्याने म्हटलं. आणि वेड्यासारखा थांबलो, कुणी ओ देईल म्हणून.

सूनबाई, तिला नावाने हाक मारायची माझी राहूनच गेली. ती राहिलेली हौस या लेकराच्या गळ्यात कशाला बांधू? तुझ्या सासूबाईंचं नाव आता मीच घेत जाईन, रोज, कुणी हसलं तरी. पोरीचं नाव तिचं तिला राहू दे.

शनिवारी येतो. बेल वाजवणार नाही, दाराबाहेरूनच भिंगरी म्हणून हाक मारीन. तू दार उघडायची घाई करू नकोस. ती वळते का, ते आधी बघ आणि मग मला सांग.

भिंगरीचा आजोबा