एक थाळी, दोन माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
आजपासून आपल्या खानावळीत शिस्त. बोर्ड लावला : 'एका थाळीत दोघे जेवल्यास शेअरिंग चार्ज ५० रु.' मोठ्या हॉटेलांत हाच रूल असतो. आपल्या जळकोट गावानं मागं का राहावं? बायकोला, म्हणजे भुवनेश्वरीला, वाचून दाखवला. ती भाकरी थापायला निघून गेली. तिला पटला.

दुपारी ३.
चार जोडपी आली. प्रत्येकात एकाचा सोमवार. उपासवाला नुसता बसून राहायचा आणि मी आत गेलो की घास मारायचा. उद्यापासून आत जायचं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
मागच्या गल्लीतले बब्रुवानकाका आणि कमलबाई आले. पंचाहत्तरीचे दोघं. दर गुरुवारी बाजार करून एक थाळी दोघांत घेतात. बोर्डाकडं बोट दाखवलं. काका म्हणाले, गुरुलिंगा, मग हिलाच वाढ, मला भूक न्हाय. कमलबाई म्हणाल्या, मलाबी न्हाय. पाणी पिऊन गेले. तत्त्व टिकलं.
भुवनेश्वरी किचनच्या दारात उभी होती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. छातीत जळजळलं ती ॲसिडिटी असेल.

७ नोव्हेंबर.
भुवनेश्वरीला विचारलं, राग आलाय का. म्हणाली, मीठ संपलंय. म्हणजे राग नाही.

१० नोव्हेंबर.
गिऱ्हाईक कमी. थंडी पडलीय. भुवनेश्वरी कामापुरतंच बोलते. तिलाही थंडीच बाधली असणार. संकल्प : बोर्ड मोठा करणे.

१२ नोव्हेंबर.
मोठा बोर्ड लावला. एक ट्रकवाला उतरला, फोटो काढला, हसत पुढं गेला. फुकट पब्लिसिटी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी अडीच.
गिऱ्हाईक शून्य. काका-कमलबाई आले नाहीत. भुवनेश्वरी बाराला डबा घेऊन बाहेर पडली, दोनला आली. मला गिऱ्हाइकाला वाढतात तशी अख्खी थाळी वाढली. विचारलं, रोजच्यासारखी माझ्या ताटात बसत नाहीस? म्हणाली, कमलबाईंकडं जेवले, त्यांच्याच ताटात. इथून पुढं तिथंच जेवीन. तुमी बसा निवांत.
बसलो.
आपली थाळी एकट्याला संपत नाही, हे पंधरा वर्षांत आज कळलं. आमच्यात ताटात टाकत नाहीत. निम्मं तसंच आहे. भूक नाही. उठवतही नाही.