हमीवर सही

सोमवार, संध्याकाळ

चि. छोट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुमच्या बचाव पथकाच्या तळावर फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

काल दुपारी जावईबापू डोंगरावरून परतायचे होते, ते आलेच नाहीत. रात्रीच तू पथक घेऊन शोधायला निघालास हे कळलं, तेव्हा जरा जिवात जीव आला. विजेच्या खांबांवर चढणारा माणूस डोंगराला काय भितो, म्हणून बाबीनेच त्यांना हसत हसत धाडलं होतं. बाळ आलं की वर्षभर घराबाहेर पाय निघायचा नाही, एकदा जाऊन या म्हणाली. आता सातवा सरलेली पोर खिडकीपासून हलत नाही. जेव म्हटलं की तुम्ही जेवा म्हणते. मग कुणीच जेवत नाही.

आज तुमच्या गावच्या कचेरीतला माणूस येऊन गेला. म्हणाला, पायी शोध उद्यापर्यंत फुकट. त्यापुढे शोध हवा असेल, हेलिकॉप्टर हवं असेल, तर घरच्यांनी खर्चाच्या हमीवर सही करायची. नाही केली तर काय, असं मी विचारलं. हमीचा कागद माझ्यापुढे ठेवून तो निघून गेला.

छोट्या, हा नियम तुमच्याच गावच्या बैठकीत झाला ना? हात वर करणाऱ्यांत तूही होतास. तेव्हा मोठ्या फुशारकीने मला कळवलं होतंस. हे रागाने लिहीत नाही रे. मी काय करू ते सांग.

तुझी,
ताई


मंगळवार, सकाळ

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. सही करू नकोस. हात जोडून सांगतो. एका फेरीचा आकडा ऐकलास तर कळेल, तुझं शिवणाचं दुकान तर जाईलच, वर मशीनमधली बॉबिनही राहायची नाही. आणि वर ढग असे बसलेत की हेलिकॉप्टर येऊन करणार काय?

हात वर केला, हे खरं. का केला तेही ऐक. आमच्या पथकातला सुतार तुला आठवत असेल, तुझ्या दुकानाचा माळा त्यानेच करून दिला. चपला घालून कड्यावर फोटो काढायला गेलेल्या पोरांना उतरवताना तो गेला. ती पोरं गाडीत बसून निघून गेली, जाताना त्याचं नावही विचारलं नाही. त्याची बायको आज शाळेच्या फरशा पुसते. बैठकीत ती समोर बसली होती. तिच्याकडे बघून हात वर गेला. ज्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला त्याने भरावं, एवढंच डोक्यात होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल, हे सुचलं नाही.

आम्ही चौघं पुन्हा निघतोय, घळीच्या बाजूने. आम्हाला कुणाची हमी नको. बाबीला सांग, मामा वर गेलाय.

तुझा,
छोट्या


बुधवार, दुपार

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

तुम्ही काल रिकाम्या हाताने उतरलात आणि एकाचा खांदा निखळला, हे ड्रायव्हरने सांगितलं. मी सही केली. लहानपणापासून ताईने तुझं कधी ऐकलंय, की आज ऐकेल?

हमीबरोबर आगाऊ रक्कम भरायची होती, दुकान शेजारच्या इस्त्रीवाल्याने घेतलं. भला माणूस आहे, घासाघीस केली नाही. त्यामुळेच जास्त रडू आलं. एक मशीन तेवढं घरी आणलंय, बाळाचे कपडे शिवायला. बाबीला म्हटलं, दुकानात रंगाचं काम चाललंय. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं वाटत नाही.

सुताराच्या बायकोचं वाचून गलबलून आलं. पण मला सांग, तिचं घर बसलं म्हणून माझंही बसायला हवं का? आणि ह्या नियमातून तिच्या पदरात पडलं तरी काय?

ढग विरळ झालेत म्हणतात. इथून डोंगराचं नुसतं टोक दिसतं. आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत बसलोय.

ताई


गुरुवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

जावई सापडले हे काल मी इस्पितळातून केलेल्या फोनवर तुला कळलंच आहे. फोनवर जे सांगवलं नाही ते आता लिहितो.

हेलिकॉप्टरला ते पहिल्याच घिरटीत दिसले. कड्याखालच्या एका अरुंद कपारीत होते. मंगळवारी आम्ही बरोबर त्यांच्या खालून गेलो होतो. आमच्या हाका त्यांना ऐकू येत होत्या, त्यांच्या आम्हाला वाऱ्यात आल्या नाहीत. जीव वाचला. पण थंडीने दोन्ही पावलं काळी पडलीत. डावं राहणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. उजव्याचं अजून सांगत नाहीत.

ताई, वर कड्यावर फोनला रेंज येते. शनिवारी संध्याकाळी त्यांचा पाय मुरगळला तेव्हा फोन चालू होता, हातात होता. मी विचारलं, का नाही केलात हो? म्हणाले, पायथ्याशी नियमाचा फलक वाचला होता. घरात बाळ यायचंय, एवढा खर्च कुठून आणू, सकाळी लंगडत उतरू. सकाळी धुकं आलं, त्यात ते घसरले आणि फोन दरीत गेला. शनिवारी कचेरीत फोन आला असता तर वायरलेसवर कळून आम्ही अंधार पडायच्या आत पोचलो असतो. पायवाट सोपी आहे तिथवर.

इस्पितळातून निघालो तो सरळ सुताराच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. ती बादली खाली ठेवून ऐकत होती. म्हणाली, माझा माणूस असता तर शनिवारीच दोर घेऊन धावला असता. तुमचा तो फलक माझ्या नावाने लावू नका, मला त्यातली दिडकीही कुणी दिली नाही.

 

छोट्या


पुढचा मंगळवार

चि. छोट्यास,

ताईचे आशीर्वाद. डावं पाऊल काल काढलं. उजव्याची बोटं गेली, टाच राहिली. आता खांबावर चढणं संपलं.

दुकानाचं त्यांना कळलं. कुणी सांगितलं कोण जाणे. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. मला वरच राहू द्यायचं होतंत, म्हणाले. बाबी त्यांच्या अंगावर ओरडली. इतकी ओरडली की नर्स धावत आली. मग दोघं रडली. मी बाहेर बाकावर बसून राहिले.

कचेरीचं बिल आलंय. दुकान गेलं तरी पुरत नाही. तू घर गहाण टाकायचं म्हणतोस, ते डोक्यातून काढून टाक. बाबीला तिचा मामा छपराखाली हवाय.

तुमची बैठक येत्या सोमवारी आहे ना? मी येते आहे. बाहेरच्यांना बोलू देत नाहीत म्हणे. मी बोलणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, पण कुणीतरी सांगायला तर हवं. सुताराच्या बायकोला विचार, माझ्या शेजारी बसेल का. तिने नवरा दिला, मी दुकान दिलं, माझ्या जावयाने पाय दिला. आजवर ह्या डोंगरापायी भरलंय ते आम्हीच. भरायचं कुणी, हे आता आमच्यादेखत ठरू दे.

ती नाही म्हणाली तर एकटी बसेन. पण विचार.

बाबीला रात्री झोप नाही. तिला दोन ओळी लिही, काहीही लिही, लहानपणी तिला सांगायचास त्या खोटारड्या अस्वलाच्या गोष्टी लिही. आणि वर जाशील तेव्हा जपून रे. माया आहे तेवढी सगळी तुझ्यावर ठेवूनच हे पत्र बंद करते.

तुझी,
ताई