हात न लावता

प्रिय आईस, थोरलीचा नमस्कार.

कसरतीच्या शाळेत सुखरूप पोचले. खोलीत उजेड आहे, जेवण पोटभर मिळतं.

मला अजून खरं वाटत नाहीये. पहिल्याच दिवशी मी ऐटीत मागे वाकून डोकं टाचांना टेकवलं. कसरती शिकवणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "आता उभी राहा आणि हात न लावता पाय कमरेपर्यंत उचलून धर." आई, पाय लटलटला आणि खाली आला. सगळी गल्ली मला बिनहाडाची म्हणते ना, तीच मी. इथल्या स्वयंपाकीणबाईसुद्धा माझ्याहून जास्त वेळ पाय धरतात. हसू नकोस.

बाई म्हणाल्या, "तू वाकत नाहीस, सांध्यांवर लोंबकळतेस. ताकद पोचते तिथवरच वाकायचं." तीन महिने मागे वाकणं बंद. आधी पोट, पाठ, खांदे बळकट करायचे.

मग त्यांनी विचारलं, "घरी सराव कोण घ्यायचं?" मी अभिमानाने सांगितलं, की मी पालथी झोपले की बाबा पाठीवर बसून शंभर मोजेपर्यंत माझे खांदे मागे ओढायचे. बाईंनी मला पाठमोरी उभं केलं. नंतर माझ्या कमरेवर नेमकं बोट ठेवून म्हणाल्या, "इथे दुखतं ना?" हे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांना हे वाचून दाखवू नकोस, मनाला लावून घेतील. फक्त संध्याकाळी धाकटीने सरावाला चटई अंथरली, की त्यांना काहीतरी काम सांगून हाक मारत जा.

तुझी,
थोरली