वरची धार

बेंगळुरू, मंगळवार

तीर्थरूप आबा,

लांबूनच पाया पडते. फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई म्हणून लिहितेय. सोमनाथ, आबांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाच रे.

आबा, मी बरी हाय. जेवण मिळतं, खोलीत पंखा हाय. काम हलकं हाय, घरकामाच्या रोबोला चहा-पाणी ओतायला शिकवायचं. हातात तारांचा मोजा घालून मी दिवसभर कप भरते, त्याचा हात माझ्यासारखं वळायला शिकतो.

पहिल्या महिन्यात घोळ झाला. आपल्या पानशेतच्या टपरीवर तुमी कप भरला की वरून एक धार बशीत सोडायचा, गिऱ्हाइकाला मोजून दिल्यासारखं वाटू नये म्हणून. माझा हात तसाच वळलेला. रोबोबी हरेक कपाला बशीत सांडायला लागला. मला वाटलं, तुमीच उभं हाय. साहेबांनी महिन्याचं सगळं काम पुसून टाकलं. म्हणाले, हात सुधारा, न्हाईतर घरी जावा.

सुधारला. आता थेंब सांडत न्हाई.

तुमचा उजवा हात उचलत न्हाई, असं काकीनं सांगितलं. खरं हाय का? पाणी कोण पाजतं? सुट्टी मागितली, तर रोबो पुरता शिकल्याबिगर न्हाई म्हणाले.

काल खोलीतल्या पोरीला चहा दिला. तुमच्यासारखी वरची धार सोडायला गेले, तर चहा काठाखाली असतानाच हात थांबला. परत ओतायला गेले, परत थांबला.

तुमची,
वनिता