अंगण वाकडं

सोमवार, ४ मार्च

सकाळी पहिलाच नग — विमा कंपनीने पाठवलेला एक साहेब. सायकलवर बसायच्या आधीच गाऱ्हाणी सुरू. सीट टोचते. मास्कचा वास येतो. काल झोप नाही झाली. मी म्हटलं, तुम्ही पेडल मारा, बाकीचं मशीन बघून घेईल. ओझं जरा वाढवलं तर पाय थांबले. मास्क काढून म्हणतो कसा, "तुमची सायकल जड आहे हो, डॉक्टर." नाचता येईना अंगण वाकडं! ही म्हण आमच्या खोलीच्या दारावर रंगवून घ्यायला हवी. इथे येतो त्या प्रत्येकाचं अंगण वाकडं असतं.

म्हणून तर मला हे काम आवडतं. तोंडाला मास्क, छातीला वायरी, पायाखाली हळूहळू जड होत जाणारी सायकल. बोलायची सोय नाही. हृदय आणि फुप्फुसं किती झेपवतात ते समोर पडद्यावर उमटतं. बाहेर माणूस काय वाटेल ते सांगो.

नंतर शिंपीकाका आले. फुप्फुसात गाठ आहे, सर्जनला ती काढायची आहे. पण एवढा तुकडा काढल्यावर उरलेल्यावर यांचं भागेल का, हे आम्ही सांगायचं. सर्जनने एक आकडा ठरवलेला आहे, त्याच्या खाली तो सुरीला हात लावत नाही. काकांनी एकही कारण सांगितलं नाही. जीव तोडून पेडल मारलं. आकडा त्या रेषेच्या जरासा खाली आला. "म्हणजे नाही कापणार?" म्हणाले. मी म्हटलं, रिपोर्ट देतो, पुढचं सर्जन बघतील. आमच्या धंद्यातलं सगळ्यात पळपुटं वाक्य आहे हे, आणि मी ते रोज बोलतो.

मंगळवार, ५ मार्च

लिफ्ट पुन्हा बंद. जिन्यात मध्येच थांबून इमारतीच्या सेक्रेटरीला फोनवर चांगला झापला. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणते, "अहो, तो फोन घरी येऊन करता आला नसता?" राग काय घरापर्यंत राखून आणायचा असतो?

शुक्रवार, ८ मार्च

आज माझी पाळी. रोग्यांची परीक्षा मशीन घेतं, पण मशीनची परीक्षा महिन्यातून एकदा धडधाकट माणसाने घ्यावी लागते. तोच माणूस, तीच सायकल, तेच ओझं. त्याचे आकडे बदलले की समजायचं, मशीन बिघडलं. आमच्याकडचा तो माणूस म्हणजे मी. मशीन खोक्यातून बाहेर निघालं तेव्हापासून मीच. इतर ठिकाणी म्हणे डॉक्टर लोक अर्ध्यावरच उतरतात. मी शेवटपर्यंत जातो.

आज आकडा खाली. चांगलाच खाली. मशीन गेलं कामातून! मागच्या महिन्यातही थोडा उतरला होता, तेव्हा मी सर्दीवर ढकललं होतं. टेक्निशियन बाईंनी कागद पुढे केला. "सर, बाकीचा आलेख बघता का?" काय बघायचं त्यात? वजनकाटाच बिघडलाय तर भाजी किती भरली हे कशाला विचारायचं. कागद त्यांच्याकडेच परत सरकवला.

मग डोक्यात आलं — मशीन कमी दाखवतंय, तर शिंपीकाकांचा आकडाही खोटाच असणार. लगेच फोन केला. म्हटलं, थांबा, मशीन दुरुस्त झालं की पुन्हा तपासू, कदाचित ऑपरेशन होऊ शकेल. पलीकडचा आवाज एकदम हलका झाला. "मशीन खोटं निघालं तर तुम्हाला सूट शिवतो, डॉक्टर. माप घ्यायला मीच येतो." सर्जनलाही कळवलं. तो कुरकुरला, "गाठ थोडीच थांबणार आहे तुमच्या मशीनसाठी?" सर्जन लोकांना कायम घाई. कापायला मिळेना की यांचे हात शिवशिवतात.

बुधवार, १३ मार्च

बायकोने हौसेने नवी गादी आणली आहे. इतकी मऊ की सपाट झोपलं की गुदमरल्यासारखं होतं. दोन उशा घ्याव्या लागतात. हल्ली कोणालाच धड काही बनवता येत नाही. ती मात्र त्याच गादीवर ढाराढूर.

सोमवार, १८ मार्च

कंपनीचा इंजिनिअर एकदाचा उगवला. गळ्यात टाय, हातात बॅग, तोंडात गोड भाषा. सगळं उघडलं, पुसलं, नळकांडी बदलली, गॅस तपासला आणि म्हणतो, "मशीन ठणठणीत आहे, सर." मी म्हटलं, सेन्सर बदल. तोंड वाकडं करत बदलला. मी पुन्हा बसलो. आकडा तसाच, उलट थोडा आणखी खाली. पाय भरून आले होते, सीटही त्या टायवाल्याने उगाच वर-खाली करून ठेवली होती. सीट टोचतच होती.

मग म्हटलं, बाई, तुम्ही बसा. त्यांचा जुना आकडा फाईलला होता. नवा त्याच्याशी तंतोतंत जुळला. टायवाला टाय सारखा करत माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, योगायोग. त्याने बॅग आवरली. बाई नुसता मास्क धूत बसल्या. जरा जास्तच वेळ धूत होत्या.

गुरुवार, २१ मार्च

बूट आटतात का? सकाळी नीट बसतात, संध्याकाळी पायच आत जाईनात. दुरुस्तीवाल्याकडे टाकले तर म्हणतो, बूट चांगले आहेत, साहेब. हल्ली सगळेच टायवाले झालेत.

मंगळवार, २६ मार्च

शिंपीकाका आले. खिशातून मापाची टेप डोकावत होती. येतानाच म्हणाले, "आज माप घेऊनच जाणार."

पेडल मारलं बिचाऱ्यांनी. कपाळावरची शीर उभी राहिली तरी पाय थांबेनात, शेवटी मीच थांबवलं. आकडा तोच. एका केसाचाही फरक नाही. मास्क काढला, घाम पुसला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. "म्हणजे मशीन पहिल्यापासून खरंच बोलत होतं." मी मान हलवली. "मग मी इतके दिवस कशासाठी थांबलो, डॉक्टर?" आवाज चढवला नाही. टेप आणखी आत सरकवली आणि गेले.

सर्जन म्हणतो, आता किरणोपचार. ते ४ तारखेचा रिपोर्ट बघूनच सुरू करता आले असते. मी मध्ये पडलो नसतो तर.

मला लाज वाटली. अशी लाज कित्येक वर्षांत वाटली नव्हती. लगेच रागही आला — टायवाल्याचा, मशीनचा, सर्जनचा. पण मशीन बरोबर आहे तर राग कोणावर काढायचा, हे दिवसभर कळलं नाही.

गुरुवार, २८ मार्च

शिकाऊ डॉक्टरांचा वर्ग. दर वेळेसारखंच — या महिन्यातले आलेख भिंतीवर, नाव झाकलेलं, वय-वजन झाकलेलं. आलेख वाचा, माणूस ओळखा. यांना आलेख वाचता येत नाहीत आणि माणसंही.

शेवटचा आलेख बाईंनी लावला. पुढच्या बाकावरचा एक शहाणा म्हणाला, "सर, याने प्रयत्नच केलेला दिसत नाही." मग मी सुटलो. अरे, डोळे आहेत की नुसती भोकं? प्रयत्न पुरेपूर आहे, जीव काढलाय या माणसाने. फुप्फुसांत खोट नाही. ठोके वाढतायत, पण प्रत्येक ठोक्यामागे जाणारा ऑक्सिजन वाढत नाही, रेष मध्येच आडवी पडलीय. आणि एवढ्याशा कामाला केवढा श्वास! म्हणजे काय? पंप थकलाय. हृदय पुरत नाही. आणि हा माणूस तुमच्याकडे दम लागतो म्हणून यायचा नाही, लिहून घ्या. हा जिन्यात कोणाशी तरी भांडायच्या निमित्ताने थांबत असेल. रात्री दोन उशा घेत असेल आणि गादीला नावं ठेवत असेल. संध्याकाळी पाय सुजले की बुटांना —

तिथे थांबलो.

पोरं हसत होती. त्यांना वाटलं, सर नकला करतायत. बाई हसत नव्हत्या. मी विचारलं, "कोणाचा आहे?"

"आठ तारखेचा आहे, सर," बाई म्हणाल्या. "तुमचा."

हसणं हळूहळू थांबलं. पुढच्या बाकावरच्या शहाण्याने मान खाली घातली. मी आलेख काढला, घडी केली, खिशात ठेवला. वर्ग संपला म्हटलं. बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी तुमच्या हृदयाच्या इकोची वेळ घेतली आहे. तो इंजिनिअर आला त्या दिवशीच घेणार होते, पण तुम्ही ऐकलं नसतं." नसतंच ऐकलं.

भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हणता येणार नाही.

शुक्रवार, २९ मार्च

पाच तारखेचं पान फाडायला घेतलं होतं. राहू दे. सेक्रेटरीला फोन लावलाच नव्हता. जिन्यात बंद फोन कानाला धरून उभा होतो, श्वास परत येईपर्यंत. अंगण सरळ होतं, आणि मला माहीत होतं.